जुना अँटीव्हायरस काढला, तरी नवा म्हणतो 'आधी जुना काढा'

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. जुन्या अँटीव्हायरसची मुदत संपली. दुकानदाराने या वेळी दुसऱ्या कंपनीचा डबा दिला. जुना काढून टाकला, नवा टाकायला घेतला आणि पडद्यावर पाटी आली, की या संगणकावर दुसरा अँटीव्हायरस आहे, आधी तो काढा. विंडोजच्या प्रोग्रॅमच्या यादीत पाहावं तर तिथे त्याचं नावही नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तीच पाटी. काही वेळा तर याहून वाईट होतं. नवा बिनतक्रार बसतो आणि दुसऱ्या दिवसापासून मशीन सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं लागतात, पेनड्राइव्ह लावला की सगळं गोठतं.

मार्चअखेरीच्या धामधुमीत माझ्या एका कर-सल्लागार मित्राच्या कार्यालयात हाच प्रकार झाला होता. तीन संगणक, तिन्हींवर एकच जुना अँटीव्हायरस, आणि तिन्हींवर नवा बसत नव्हता. पुढच्या टेबलावर रिटर्न भरणाऱ्या ताई अगदी वैतागल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, दोनदा काढलाय हो मी. काढते, संध्याकाळी मशीन बंद करून जाते, सकाळी येऊन बघते तर पाटी तीच."

त्यांच्या मशीनपुरतं उत्तर त्या बोलण्यातच होतं. त्या मशीन बंद करत होत्या, रीस्टार्ट करत नव्हत्या.

हा फरक फार थोड्या लोकांना माहीत असतो, म्हणून तो आधी सांगतो. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली, आणि बहुतेक मशीनवर ती आपोआप चालू असते. तुम्ही शटडाऊन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि त्याला जोडलेले ड्रायव्हर (विंडोजच्या आत खोलवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) ज्या अवस्थेत असतील त्या अवस्थेत डिस्कवर जपून ठेवले जातात. सकाळी बटण दाबलं की तीच अवस्था उचलली जाते, म्हणून मशीन लवकर उठतं. आता अँटीव्हायरसचा ड्रायव्हर चालू असताना त्याची फाइल पुसता येत नाही. मग काढणारा प्रोग्रॅम विंडोजकडे एक चिठ्ठी ठेवतो, की पुढच्या वेळी अगदी सुरुवातीपासून उठशील तेव्हा या फाइली पूस. फास्ट स्टार्टअपमध्ये ते 'अगदी सुरुवातीपासून' उठणं होतच नाही आणि चिठ्ठी तशीच पडून राहते. रीस्टार्ट केलं की मात्र विंडोज खरोखर नव्याने उभं राहतं आणि राहिलेलं काम उरकतं.

ताईंच्या मशीनवर एकदा रीस्टार्ट केलं आणि पाटी गेली. बाकीच्या दोन मशीनवर इतकं सोपं नव्हतं. मधल्या मशीनवर जुना काढत असतानाच वीज गेली होती आणि त्या टेबलाचा यूपीएस कधीचाच मेलेला होता. यादीतलं नाव पुसलं गेलं, पण त्याच्या सर्व्हिस (पडद्यामागे चालणारे भाग) आणि ड्रायव्हर जागेवरच होते. तिसऱ्या मशीनवर कोणीतरी प्रोग्रॅम फाइल्समधला फोल्डरच उजव्या क्लिकने डिलीट करायला घेतला होता. अर्ध्या फाइली गेल्या, अर्ध्यांना परवानगी मिळाली नाही, आणि जिच्यातून तो नीट निघाला असता ती फाइल गेलेल्यांमध्ये होती.

हा इतर सॉफ्टवेअरसारखा का निघत नाही

टॅलीची जुनी आवृत्ती किंवा एखादा फोटो पाहायचा प्रोग्रॅम काढणं वेगळं. ते आपापल्या खोलीत राहतात. अँटीव्हायरस दारात बसतो. तुम्ही कुठलीही फाइल उघडली की ती मागणी विंडोजच्या फाइल यंत्रणेतून जाते, आणि अँटीव्हायरस तिथे मिनीफिल्टर नावाचा ड्रायव्हर बसवून प्रत्येक मागणी अडवून तपासतो. नेटवर्कच्या वाटेवर त्याचा आणखी एक फिल्टर असतो. ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन असतं, आणि काही उत्पादनं एचटीटीपीएस वाहतूक (संकेतस्थळांशी होणारी कुलूपबंद देवाणघेवाण) तपासण्यासाठी स्वतःचं मूळ प्रमाणपत्रही विंडोजच्या साठ्यात घालतात. वर स्वसंरक्षण आहेच. व्हायरसने येऊन आपल्याला बंद करू नये म्हणून तो आपल्या फाइली, सर्व्हिस आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) नोंदी कोणालाही हलवू देत नाही. हे संरक्षण चालू असताना तुमचा हात आणि व्हायरसचा हात यांत त्याला फरक कळत नाही.

दोन अँटीव्हायरस एकत्र नांदत नाहीत त्याचं कारणही हेच. एक फाइल उघडली की पहिला ती तपासतो. त्याचं ते तपासणं हेही फाइल उघडणंच असतं, म्हणून दुसरा जागा होतो. एकाच्या व्हायरस-खुणांच्या साठ्यात व्हायरसचे तुकडे असतात, तेच दुसऱ्याला व्हायरस वाटतात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली दिसते आणि आपण हार्ड डिस्कला दोष देतो. म्हणून नवा अँटीव्हायरस बसायला नकार देतो तेव्हा तो तुमच्या भल्याचंच करत असतो. ती पाटी चुकवून जबरदस्तीने बसवायच्या युक्त्या कोणी सांगितल्या तर करू नका.

हे सॉफ्टवेअर किती खोलवर रुतलेलं असतं ते १९ जुलै २०२४ ला साऱ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष अपडेट फाइल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन, म्हणजे विंडोज कमीत कमी भागांनिशी सुरू करून, ती एक फाइल काढायची. आणि त्यात अनेकांची अडचण झाली ती बिटलॉकरच्या, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीच्या, रिकव्हरी की ची. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

काढण्याआधी

घाई इथेच नडते. मुदत संपली म्हणून आपण सरळ अनइन्स्टॉल दाबतो, आणि आत काय ठेवलं होतं ते नंतर आठवतं.

जुन्या अँटीव्हायरसमध्ये पासवर्ड साठवले असतील तर ते आधी बाहेर काढून घ्या. कुलूपबंद फोल्डर म्हणजे व्हॉल्ट वापरत असाल तर त्यातल्या फाइली आधी उघडून साध्या फोल्डरमध्ये आणा. ती तिजोरी ज्या प्रोग्रॅमने उघडते तोच गेला तर फाइली असूनही नसल्यासारख्या होतात. क्वारंटाइनमध्येही एकदा डोकावा. सरकारी पोर्टलवर सही करायची युटिलिटी, जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, एखादी मॅक्रो असलेली एक्सेल फाइल अशा निरुपद्रवी गोष्टी संशयावरून तिथे कोंडलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत. अँटीव्हायरस पूर्ण काढला की क्वारंटाइनही जातं. पण जे ओळखीचं आणि खात्रीचं आहे तेवढंच परत आणा, बाकीचं गेलं तर बरंच.

लायसन्सची मुदत शिल्लक असेल तर की लिहून ठेवा आणि कंपनीच्या खात्यातून हे मशीन मोकळं करा, म्हणजे तीच की दुसऱ्या मशीनवर चालेल. आणि कार्डावरून आपोआप नूतनीकरण लावलं असेल तर ते वेगळं बंद करावं लागतं. सॉफ्टवेअर काढल्याने पैसे कापणं थांबत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना येते. ती एसएमएसच्या गर्दीत हरवू देऊ नका.

नव्या अँटीव्हायरसचा इन्स्टॉलर आणि जुन्याचं काढायचं साधन, दोन्ही आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. जुना काढल्यावर इंटरनेटच गेलं तर कुठून आणणार? ही साधनं फक्त त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. शोधताना सगळ्यात वर जाहिरात म्हणून येणाऱ्या दुव्यांपासून लांब राहा. अँटीव्हायरस काढायच्या नावाखाली व्हायरस घरात आणणारी माणसं तिथेच दबा धरून असतात.

शेवटची तयारी बिटलॉकरची. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सेफ मोडच्या वाटेवर मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात ती बहुधा सापडते. मोबाइलवरून खातं उघडून की कागदावर उतरवून घ्या. विंडोजचा पासवर्डही आठवतोय ना ते पाहा, कारण सेफ मोडमध्ये काही वेळा पिन चालत नाही.

काढताना

पहिल्यांदा जुन्या अँटीव्हायरसच्याच सेटिंगमध्ये जाऊन त्याचं स्वसंरक्षण बंद करा. 'सेल्फ प्रोटेक्शन' किंवा 'सेल्फ डिफेन्स' या नावाने ते असतं. कार्यालयातल्या मशीनवर काढण्यासाठी पासवर्ड लावलेला असेल तर ज्याने बसवला त्यालाच विचारा.

मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स, आणि तिथून अनइन्स्टॉल. विंडोज १० मध्ये तीच जागा 'अ‍ॅप्स अँड फीचर्स' नावाने आहे. एकाच कंपनीची दोन-तीन नावं दिसली, म्हणजे अँटीव्हायरस, व्हीपीएन, सुरक्षित ब्राउझर, तर तीही काढा. मध्ये प्रश्न आला तर वाचून उत्तर द्या. आपल्याकडे अनेक मशीनवर पुण्याचा क्विक हील असतो. तो काढताना दोन पर्याय देतो, पूर्ण काढायचा की अपडेटच्या फाइली राखून काढायचा. राखण्याचा पर्याय पुन्हा तोच बसवणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही दुसरीकडे जात असाल तर पूर्ण काढा.

आणि रीस्टार्ट. शटडाऊन नाही, रीस्टार्ट. एकदा झाल्यावर मी स्वतः आणखी एकदा करतो.

बहुतेक मशीन इथे सुटतात. न सुटणाऱ्यांसाठी कंपनीचं स्वतःचं काढणी-साधन वापरायचं. नॉर्टनचं साधन मुळात काढून पुन्हा बसवण्यासाठी आहे, म्हणून त्याच्या प्रगत पर्यायांत जाऊन 'फक्त काढा' निवडावं लागतं. मॅकॅफीचं साधन एमसीपीआर नावाने ओळखलं जातं. अव्हास्ट, एव्हीजी, बिटडिफेंडर, कॅस्परस्की यांचीही आपापली साधनं आहेत. ईसेटचं साधन सेफ मोडमध्ये चालवायचं असतं आणि ते नेटवर्कच्या सेटिंगही मूळपदावर आणू शकतं, म्हणून कार्यालयात स्थिर आयपी (मशीनचा ठरवून दिलेला नेटवर्क-पत्ता) दिलेला असेल तर तो आधी टिपून ठेवा.

सेफ मोडला जायचं ते असं. शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. निळा पडदा येईल. त्यात ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. मग यादी आली की ४ दाबा. साधनाला इंटरनेट लागणार असेल तर ५. इथे एक गोंधळ पुष्कळांचा होतो. सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलर ही सर्व्हिस चालू नसते, म्हणून नेहमीच्या यादीतून अनइन्स्टॉल केलं तर अनेकदा चूक येते आणि लोकांना वाटतं मशीनच बिघडलं. सेफ मोड कंपनीच्या साधनासाठी आहे, नेहमीच्या अनइन्स्टॉलसाठी नाही.

आता त्या कार्यालयातलं मधलं मशीन. वीज गेल्याने अर्धवट राहिलेलं. अशा वेळी एक उपाय उलटा वाटतो पण फार कामाचा आहे. तोच जुना अँटीव्हायरस, शक्यतो तीच आवृत्ती, पुन्हा वर बसवा, रीस्टार्ट करा, आणि मग नीट काढा. नव्याने बसताना त्याच्या तुटलेल्या नोंदी पुऱ्या होतात आणि काढणाऱ्या प्रोग्रॅमला आपली सगळी यादी परत मिळते. मधलं मशीन असंच सुटलं. तिसऱ्यावर तो पुन्हा बसायलाही तयार नव्हता, तिथे सेफ मोड आणि कंपनीचं साधन लागलं. त्या दिवशी मी सगळ्यात आधी बाजारात जाऊन मधल्या टेबलाच्या यूपीएसची बॅटरी आणली होती. अँटीव्हायरस काढताना मशीनला अर्धा तास अखंड वीज हवीच.

फोल्डर हाताने पुसणं, सिस्टम ३२ मधला ड्रायव्हर उडवणं, रजिस्ट्रीत कंपनीचं नाव शोधून दिसेल ते डिलीट करणं, या तिन्ही गोष्टींपासून मी कळकळीने परावृत्त करतो. रजिस्ट्रीत नोंद आहे आणि ड्रायव्हरची फाइल नाही, अशी अवस्था झाली तर मशीन सुरू होतानाच निळ्या पडद्यावर अडकू शकतं. सरसकट रजिस्ट्री साफ करणारी फुकट सॉफ्टवेअरही या कामाला नकोत. जुन्याच्या निर्मात्याला त्याचे खिळे कुठे कुठे ठोकलेत ते माहीत असतं, इतरांसाठी तो नुसता अंदाज असतो.

गेला की नाही, कसं ओळखायचं

विंडोज सिक्युरिटी उघडा, खालच्या कोपऱ्यातल्या सेटिंग्जमध्ये जा आणि 'मॅनेज प्रोव्हायडर्स' पाहा. विंडोजच्या दप्तरी कोणकोणते अँटीव्हायरस नोंदलेले आहेत ते तिथे दिसतं. अनेक इन्स्टॉलर याच नोंदी पाहून 'आधी जुना काढा' म्हणतात. काढून रीस्टार्ट केल्यावर तिथे फक्त मायक्रोसॉफ्ट डिफेंडर उरायला हवा.

आणखी खात्री हवी तर कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची खिडकी) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि एफ, एल, टी, एम, सी ही पाच इंग्रजी अक्षरं सलग टाइप करून एंटर दाबा. फाइल यंत्रणेच्या वाटेवर बसलेल्या सगळ्या मिनीफिल्टरची यादी येते. प्रत्येकासमोर 'अल्टिट्यूड' नावाचा आकडा असतो. ३,२०,००० ते ३,२९,९९८ हा पट्टा मायक्रोसॉफ्टने अँटीव्हायरससाठी राखून ठेवला आहे. त्या पट्ट्यात डब्ल्यूडी अक्षरांनी सुरू होणारा फिल्टर दिसला तर तो डिफेंडरचा, त्याला हात लावू नका. दुसरं कुठलं नाव तिथे असेल तर जुना अजून दारात बसलेला आहे. मला ही एक कमांड बाकी सगळ्या तपासण्यांपेक्षा भरवशाची वाटते.

ब्राउझरमधलं एक्स्टेंशन मात्र बहुधा आपल्यालाच काढावं लागतं.

काढल्यावर इंटरनेट गेलं तर

वायफाय जोडलेलं दिसतं, पण एकही पान उघडत नाही. याचा अर्थ बऱ्याचदा असा, की नेटवर्कच्या वाटेवरचा फिल्टर अर्धवट निघाला आहे. कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क कनेक्शन्समध्ये जा, तुमच्या जोडणीवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज. यादीत जुन्या कंपनीच्या नावाचा फिल्टर असेल तर तो निवडून तिथलंच अनइन्स्टॉल बटण दाबा. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच, विनसॉक, रीसेट (netsh winsock reset) हे तीन शब्द इंग्रजीत, मध्ये जागा सोडून टाइप करा आणि रीस्टार्ट करा. त्यानेही भागलं नाही तर सेटिंग्जमधला 'नेटवर्क रीसेट' आहे, पण तो सगळी नेटवर्क अडॅप्टर काढून पुन्हा बसवतो. वायफायचा पासवर्ड हाताशी असल्याशिवाय त्याला हात लावू नका.

मधल्या वेळात मशीन उघडं पडतं का?

हा प्रश्न ताईंनीही विचारला होता, आणि भीती रास्त आहे. विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस आहे. दुसरा नोंदला गेला की तो बाजूला होतो, दुसरा गेला की आपोआप पुढे येतो. त्यामुळे जुना काढल्यावर आणि नवा बसण्याआधी मशीन बेवारस नसतं. डिफेंडर पुढे आलाच नाही, तर तेही जुन्याची नोंद अजून शिल्लक असल्याचं लक्षण समजा आणि वरचा शोध पुन्हा घ्या. विंडोज सर्व्हरवर मात्र हे आपोआप होत नाही. तिथे डिफेंडर हाताने बंद-चालू करावा लागतो.

मला कोणी विचारलं तर घरच्या साध्या वापराला डिफेंडर पुरतो असंच मी सांगतो. कार्यालयाला एका ठिकाणाहून सगळ्या मशीनवर नजर ठेवायची असेल, किंवा काही बिघडलं तर फोन उचलणारा माणूस हवा असेल, तर विकतचा घ्यावा. पण विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं थांबलं आहे. त्या जुन्या खिडक्यांना महागडं कुलूप लावण्यापेक्षा आधी विंडोजचं काय करायचं ते ठरवा.

नवा बसल्यावर तो जागा आहे का हे पाहायला ईकार संस्थेची चाचणी फाइल वापरता येते. तिच्या संकेतस्थळावर ती मिळते. ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ, पण अँटीव्हायरस तिला व्हायरस समजून पकडतात, कारण ती त्याचसाठी ठरवून बनवलेली आहे. कार्यालयातल्या तिन्ही मशीनवर मी ती उतरवून पाहिली. तिन्हीकडे एकच सूचना आली, नव्याची. ताईंनी मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवली, 'रीस्टार्ट', आणि अडकून पडलेलं रिटर्न भरायला घेतलं.